मेंदूच्या अर्बुदांसाठी निधियात्रा

मेंदूत होणाऱ्या अर्बुदांविषयी (गाठींविषयी) लोकांना माहिती व्हावी आणि त्यांवरील संशोधनासाठी व रुग्णांच्या साहाय्यासाठी पैसा जमावा, या दुहेरी हेतूने काढण्यात येणारी सामुदायिक पदयात्रा. इंग्रजीत अशा उपक्रमास ‘वॉक’ वा ‘वॉकेथॉन’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांतून दुसरा शब्द रूढ झाला आहे. सहभागी व्यक्ती ठराविक अंतर चालून जाण्याचा संकल्प करते आणि तिचे नातेवाईक, स्नेही व सहकारी त्या संकल्पाच्या निमित्ताने संस्थेस देणगी देतात. प्रारंभीच्या काळात देणगी दर मैलामागे अमुक रक्कम अशी ठरवीत; पुढे ठोक रक्कम देण्याची पद्धत पडली. चालणाराचे श्रम आणि जमणारा पैसा यांत कोणताही आर्थिक संबंध नसतो. श्रम हे केवळ मागण्याचे निमित्त असते व त्यामुळे मागणाराचा संकोच कमी होतो.

चालणे व व्रत यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. मात्र पंढरीच्या वारीत वारकरी कोणाकडून काही जमवीत नाही. विनोबा भावे यांनी १९५१ मध्ये पोचमपल्ली येथून सुरू केलेल्या भूदान चळवळीत पायी चालणे आणि दान मागणे ही दोन्ही अंगे एकत्र आली. तथापि तेथे मागणी जमिनीची होती आणि ती गावोगावी भेटणाऱ्या अनोळखी माणसांकडे होती. निधियात्रेत मागणी ओळखीच्यांकडेच केली जाते, हा तिचा विशेष होय.

रोगनिवारणार्थ निधियात्रेचे एक आरंभीचे उदाहरण प्वेर्त रीकोतील आहे. तेथील लोकप्रिय विनोदी नट रामोन रिव्हेरो (‘दिप्लो’) यांनी १९५३ मध्ये कर्करोगविषयक कार्यासाठी सुमारे ८० मैलांची पदयात्रा केली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने १९७० पासून नवजात बालकांच्या आरोग्यासाठी अशा यात्रा भरविल्या. या प्रकाराला जगभर मान्यता मिळवून दिली ती कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाने. हाडाच्या कर्करोगामुळे एक पाय गमावलेल्या फॉक्सने १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने देश ओलांडण्यास प्रारंभ केला. १४३ दिवसांत ५,३७३ किमी. धावल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला १ सप्टेंबर रोजी थांबावे लागले. जून १९८१ मध्ये तो मरण पावला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या नावाने पहिली सामुदायिक दौड झाली. १९८५ मध्ये टकोमा (वॉशिंग्टन राज्य) येथील शल्यचिकित्सक गॉर्डन क्लॅट यांनी एका मैदानाभोवती २४ तास चालत व धावत सु. २७,००० डॉलर जमविले. त्यातून ‘रिले फॉर लाइफ’ हा उपक्रम निघाला.

मेंदूच्या अर्बुदांसाठी वेगळ्या यात्रा निघण्यास बराच उशीर झाला. याचे कारण रोगाच्या स्वरूपातच आहे. मेंदूची व तंत्रिका तंत्राच्या इतर मध्यवर्ती भागांची अर्बुदे तुलनेने विरळ असतात. २०२० मध्ये जगात या गटाचे सु. ३ लक्ष ८ हजार नवे रुग्ण आढळले व सु. २ लक्ष ५१ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. नव्या रुग्णांची संख्या आणि मृत्यूंची संख्या यांतील हे थोडके अंतर रोगाची तीव्रता पुरेशी स्पष्ट करते. शंभराहून अधिक प्रकारची अर्बुदे या गटात मोडतात. काही साधी असतात व शस्त्रक्रियेने पूर्ण बरी होतात. पण कवटीच्या बंदिस्त पोकळीत साधी गाठही दाबामुळे जीवघेणी ठरू शकते. ग्लायोब्लास्टोमा हे प्रौढांतील अत्यंत मारक अर्बुद होय. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध यांच्या संयुक्त उपचाराचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता मध्यम जीवितकाल सु. १२ महिन्यांवरून १४·६ महिन्यांवर गेला होता. ही प्रगती महत्त्वाची मानली गेली, यावरून या क्षेत्रातील अडचणींची कल्पना यावी.

स्तनाच्या कर्करोगासाठी निघणाऱ्या यात्रांत बऱ्या झालेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने पुढे असतात आणि लोकांना देण्याजोगा सरळ संदेशही असतो : वेळेवर तपासणी करून घ्या. मेंदूच्या अर्बुदांच्या यात्रेत चालणारे पुष्कळदा रुग्णाचे मागे राहिलेले कुटुंबीय असतात. सदऱ्यावर एखादे नाव व छायाचित्र छापून ते येतात. निरोगी लोकांची सरसकट चाचणी घेऊन हा रोग आधी हुडकून काढण्याची उपयुक्त पद्धत उपलब्ध नाही. डोक्यावर पूर्वी झालेले किरणोपचार आणि काही विरळ आनुवंशिक विकार वगळता निश्चित कारणेही ठाऊक नाहीत. त्यामुळे ‘हे टाळा म्हणजे रोग टळेल’ असे सांगता येत नाही. तसे सांगणाऱ्या पत्रकांपासून वाचकाने सावध राहावे.

सांगण्यासारखे जे आहे ते लक्षणांविषयी. पहाटे वाढणारी व दिवसेंदिवस तीव्र होत जाणारी डोकेदुखी, तीबरोबर उलट्या, पूर्वी कधी न आलेले अपस्माराचे झटके, दृष्टीत किंवा बोलण्यात बदल, एका बाजूच्या हातापायांत दुर्बलता, स्वभावात अकारण पडलेला फरक ही त्यांपैकी प्रमुख होत. निमस्तिष्कातील अर्बुदामुळे तोल जातो आणि मूल पाय फाकून, अडखळत चालू लागते. ग्रेट ब्रिटनमध्ये २०११ पासून मुलांतील अशा लक्षणांच्या माहितीची ‘हेडस्मार्ट’ ही मोहीम चालविण्यात आली. लक्षणे दिसू लागल्यापासून निदान होईपर्यंतचा मध्यम कालावधी पूर्वी १४ आठवड्यांहून अधिक होता. तो ७ आठवड्यांच्या आत आला. महाराष्ट्रात झटका आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगविणे, अंगात आले असे समजून देवऋषीकडे नेणे हे प्रकार अजून सर्वस्वी थांबलेले नाहीत. या गैरसमजात उपचाराचा वेळ वाया जातो. जाणीवजागृतीचा खरा उपयोग येथे आहे.

टोरांटो येथील ‘मेगन्स वॉक’ ही या प्रकारची लक्षणीय यात्रा. मस्तिष्क स्तंभातील, शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या अर्बुदाने २००१ मध्ये दगावलेल्या पाच वर्षांच्या मुलीच्या स्मरणार्थ तिच्या आईने २००२ पासून ती सुरू केली. मातृदिनाच्या सुमारास लोक सु. ५ किमी. चालत शहरातील बालरुग्णालयापाशी येतात आणि हातात हात गुंफून संपूर्ण इमारतीभोवती कडे करतात. आत उपचार घेत असलेली मुले खिडक्यांतून हे कडे पाहतात. जमलेला निधी त्याच रुग्णालयातील मेंदू अर्बुद संशोधन केंद्रास जातो. या रुग्णालयातील पीटर डर्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३-०४ मध्ये मेंदूच्या अर्बुदांतील मूल कोशिकांविषयी मूलभूत संशोधन प्रसिद्ध केले. मुलांतील मेड्युलोब्लास्टोमा हा एकच रोग नसून रेणवीय दृष्ट्या त्याचे चार गट आहेत, हे ठरविण्यातही येथील शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. आपला डॉलर नेमक्या कोणत्या दारातून आत जातो, हे चालणाराला डोळ्यांनी दिसते. या यात्रेच्या टिकाऊपणाचे ते एक कारण असावे.

अन्यत्र अशा यात्रा राष्ट्रीय संस्था भरवितात. कॅनडात १९८२ मध्ये स्थापन झालेली मेंदू अर्बुद प्रतिष्ठान ही संस्था अनेक शहरांत त्या आयोजित करते. जर्मनीतील लाइपसिक येथील रुग्णसाहाय्य संस्थेच्या पुढाकाराने २००० पासून ८ जून हा जागतिक मेंदू अर्बुद दिन म्हणून पाळला जातो. करडी फीत हे या कार्याचे चिन्ह आहे. मार्ग बहुधा उद्यानातील सपाट वाटेचा व अडीच ते पाच किमी. लांबीचा ठेवतात; कारण चालणारांत चाकाच्या खुर्चीवरील, तोल सांभाळू न शकणारे व झटक्यांचा धोका असलेले रुग्णही असतात. कोकणपट्टीत ८ जून ही तारीख मात्र गैरसोयीची : उकाडा शिगेला असतो आणि पाऊस कोणत्याही दिवशी कोसळतो.

भारतात ही प्रथा अद्याप बाल्यावस्थेत आहे. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनने धावणे आणि देणगी यांची जोड शहरी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पाडली. टाटा स्मारक रुग्णालयाच्या (स्थापना १९४१) परिसरात देशभरातून रुग्ण येतात. येथे निधीची पहिली निकड संशोधनाची नसते. गावाहून आलेल्या कुटुंबाची राहण्याची सोय, सहा आठवडे चालणाऱ्या किरणोपचारांच्या काळातील बुडालेली मजुरी, झटक्यांची औषधे हे खर्च आधी उभे राहतात. परदेशी यात्रेचा नमुना जसाच्या तसा उचलणाऱ्या संयोजकांच्या हे अनेकदा ध्यानात येत नाही.

निधियात्रांवर आक्षेपही घेतले जातात. मंडप, ध्वनिक्षेपक, सदरे, जाहिरात यांवर जमलेल्या रकमेचा बराच भाग खर्च होऊ शकतो. म्हणून निव्वळ जमा किती हे पाहणे अगत्याचे असते. महाराष्ट्रात निधी जमविणारी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदलेली आहे व तिचे हिशेब तपासले जातात, याची देणगीदाराने खात्री करून घ्यावी. दुसरा आक्षेप असा की, ज्या रोगाचे रुग्ण अधिक व बोलके, त्याच रोगाला पैसा मिळतो. मेंदूच्या अर्बुदांबाबत तो बव्हंशी खरा आहे. तिसरा अधिक मूलगामी आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये माजी मंत्री टेसा जोवेल यांच्या मे २०१८ मधील ग्लायोब्लास्टोमाने झालेल्या मृत्यूनंतर सरकारने या संशोधनासाठी ४ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. परंतु २०२३ मध्ये सर्वपक्षीय संसदीय गटाने पाहणी केली तेव्हा तीतील निम्म्याहून कमी रक्कम वाटली गेली होती. या क्षेत्रात काम करणारे प्रशिक्षित संशोधक थोडे आणि मोठ्या अनुदानास पात्र ठरण्याजोगे प्रस्तावही थोडे. एखाद्या तरुण शास्त्रज्ञाचे दोन वर्षांचे वेतन, एखादी ऊतक पेढी, प्राथमिक प्रयोगांचा खर्च अशा लहान बाबींना मोठे सरकारी अनुदान सहसा पोहोचत नाही. यात्रांतून जमणारा पैसा तुलनेने अल्प असला, तरी तो नेमका याच ठिकाणी लावता येतो आणि कॅनडा, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील संस्थांनी तो तसा लावलाही आहे.