मनीचं पोट भरलंय, म्हणून?

“आमची मनी दोन्ही वेळा पोटभर जेवते हो, ती कशाला पक्षी मारेल?” अंगणात बुलबुल-दयाळ बघायची हौस असलेल्या घरांतूनच हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येतं आणि दरवेळी तितक्याच आत्मविश्वासाने!

मांजराची भूक वेगळी आणि शिकार वेगळी. बारीकसारीक सावजावर जगणाऱ्या या प्राण्याच्या बऱ्याच झेपा फुकट जातात. भूक लागेपर्यंत थांबणारं मांजर रानात उपाशी मेलं असतं. म्हणून हालचाल दिसली की झेप घ्यायची, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या ॲडमेक यांच्या प्रयोगात जेवत्या मांजरांसमोर उंदीर सोडले होते. मांजरांनी आवडतं खाणं अर्धवट टाकलं, उंदीर मारला आणि परत येऊन उरलेलं जेवण सुरू केलं.

खाण्याने काहीच फरक पडत नाही असंही नाही. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेलं सावज 36 टक्क्यांनी घटलं. रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी खेळल्यावर 25 टक्क्यांनी. घटलं, थांबलं नाही. आणि आपण मनीला घालतो काय? दूध-पोळी!

यावर ठरलेला जबाब येतो, “पण तिने एकही पक्षी घरी आणलेला नाही.” कशाला आणेल? अमेरिकेत जॉर्जियातल्या अथेन्स शहरात पाळीव मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधले, तेव्हा दिसलं की मारलेल्यांपैकी जेमतेम 23 टक्के सावज घरी पोचतं. जवळपास निम्मं तिथेच टाकून दिलेलं असतं. 2013 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत मोकाट फिरणारी मांजरं वर्षाला 1.3 ते 4 अब्ज पक्षी मारतात. त्यांतले बहुसंख्य बेवारस मांजरांच्या तोंडी जातात. म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपण मायेने मासळी घालतो, त्यांच्यासारख्या.

“हे तर निसर्गाचंच चक्र!” नाही. रानात सावज घटलं की शिकारीही घटतो. मांजराची वाटी आपण भरत असल्यामुळे त्याची संख्या तशी घटत नाही. गळ्यात घुंगरू? त्याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, आणि उडताच न येणाऱ्या पिल्लाला घुंगरू ऐकून काय उपयोग? सातभाईंची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. तेवढे दिवस तरी मनी घरात हवी. मांजराच्या तावडीतून सुटलेला पक्षी वाचला असं समजू नका. दातांवरचे पाश्चुरेला जिवाणू रक्तात गेले की तो पुढे दगावू शकतो. लगेच पशुवैद्याकडे न्या. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकत नाही, तेव्हा खाली पडलेलं उघडं पिल्लू खुशाल घरट्यात ठेवा.

मांजरद्वेष्ट्यांच्याही आवडत्या दंतकथा आहेतच. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरची चिमुकल्या रेनची अख्खी जात दीपगृहातल्या एकट्या टिबल्स मांजरीने संपवली, ही गोष्ट त्यांतलीच. 1894-95 च्या नोंदी तपासल्यावर दिसतं, की तोवर बेटावर रानटी झालेली बरीच मांजरं होती. टिबल्सला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही.