सांडपाणीमिश्रित नदीजल आणि विषाणूंचा धोका : दिल्लीच्या १९५५ च्या साथीने काय दाखवले

नवी दिल्ली : नदीच्या दूषित पाण्यावर प्रक्रिया केली, त्यात क्लोरीन मिसळले आणि जिवाणूंच्या चाचणीत ते निर्दोष ठरले, म्हणजे ते पिण्यास सुरक्षित झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती अपुरा आहे, याचा पुरावा देशाच्या राजधानीतच सुमारे सत्तर वर्षांपूर्वी मिळाला. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण आढळले. विषमज्वर आणि आमांश हेही दूषित पाण्यातून पसरणारे रोग. पण त्यांच्या रुग्णसंख्येत तशी वाढ झाली नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस यमुनेला पूर आला आणि ओसरताना नदीच्या मुख्य प्रवाहाने आपली वाट बदलली. शहराला पाणी पुरवणारे उपसा केंद्र वझिराबादला होते आणि शहराचे सांडपाणी वाहून आणणारा नजफगढ नाला त्याच्या थोडा खाली नदीला मिळत होता. प्रवाह दूर सरकल्याने नाल्याचे पाणी उलटे चढून थेट उपशाच्या तोंडापर्यंत पोहोचले. नोव्हेंबरच्या मध्यास सुमारे आठवडाभर ही स्थिती होती. जलशुद्धीकरण केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या ती ध्यानात आली आणि त्यांनी तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढवली. त्या उपायाने जिवाणू मेले, विषाणू मात्र तगला.

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत या रोगात दोन ते दहा आठवडे जातात. त्यामुळे घरोघरी माणसे पिवळी पडू लागली, तेव्हा नाल्याचे ते पाणी केव्हाच पिऊन झाले होते. पाणी आणि आजार यांच्यातील हे अंतर आजही तपासात अडसर ठरते. रुग्णालयात गर्दी झाल्यावर नळाचे नमुने घेतले, तर ते बहुधा स्वच्छच निघणार.

ही साथ कोणत्या विषाणूची, हे ठरायला आणखी पाव शतक लागले. साथीतील रुग्णांच्या रक्तद्रवाचे जपून ठेवलेले नमुने पुढे नव्या पद्धतीने तपासण्यात आले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या या अभ्यासातून १९८० मध्ये स्पष्ट झाले, की ही कावीळ ‘अ’ प्रकारची नव्हती. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बलायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि आपल्याच विष्ठेत विषाणूचे कण शोधून काढले. असे धाडस आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. हा विषाणू पुढे हिपॅटायटिस ‘ई’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

सांडपाण्यातून पसरणारे हिपॅटायटिस ‘अ’ आणि ‘ई’, रोटा, नोरो, पोलिओ हे विषाणू जिवाणूंच्या कित्येक पटींनी लहान असतात. करोना विषाणूला असते तसे नाजूक मेदाचे आवरण पाण्यात आढळणाऱ्या या कणांना नसते. प्रथिनांच्या कवचामुळे ते पाण्यात दीर्घकाळ टिकतात. पाणी गढूळ असेल, तर मातीच्या व मैल्याच्या कणांआड ते क्लोरीनपासून बचावतात. मात्र पाण्याची नित्य तपासणी होते ती ई-कोलाय या जिवाणूची. तो सापडला तर पाणी निश्चितच वाईट. न सापडल्यास विषाणूही नाहीत, असे म्हणता येत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या पेयजल मानकाने हा फरक ओळखला आहे. एरवी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. विषाणूंपासून संरक्षण हवे असल्यास हे प्रमाण किमान ०.५ मिलिग्रॅम असावे, असे ते सांगते. स्नानाच्या पाण्यासाठी मात्र मोजमाप जिवाणूंचेच आहे : १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म २,५०० पेक्षा अधिक नसावेत. डुबकी घेताना पोटात जाणाऱ्या घोटभर पाण्यात किती विषाणू आहेत, हे त्यातून कळत नाही. नोरोविषाणूचे तर शंभराहून कमी कणही आजारास पुरेसे ठरू शकतात.

हिपॅटायटिस ‘ई’ बहुतेकांत आपोआप बरा होतो. गर्भवतींची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेनुसार, शेवटच्या तिमाहीत संसर्ग झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत मृत्युमुखी पडू शकतात. दिल्लीच्या साथीतही गर्भवतींमधील मृत्यूंचे प्रमाण डॉक्टरांच्या नजरेत भरले होते. चीनने २०११ मध्ये या रोगावरील लसीला परवाना दिला. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही.

वझिराबादला नंतर बंधारा झाला आणि नाल्याचे तोंड त्याच्या खाली राहिले. तेथून ओखल्यापर्यंतची यमुना, जेमतेम २२ किलोमीटरची, शहराचे सांडपाणी पोटात घेत पुढे जाते. कावीळ मात्र दिल्लीपुरती राहिली नाही. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये हिपॅटायटिस ‘ई’ची मोठी साथ आली होती. अनेक शहरांत पाणी काही तासच येते. नळ बंद असताना रिकाम्या वाहिनीच्या फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. अशा वेळी शुद्धीकरण केंद्रातील चोख काम वाटेतच वाया जाते.

घरातील साधा कँडल फिल्टर जिवाणू अडवतो. विषाणू त्याच्या छिद्रांतून पार होऊ शकतात. साथीच्या दिवसांत, विशेषतः घरात गर्भवती असल्यास, पाणी निवळू द्यावे, गाळून घ्यावे आणि खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळत ठेवावे.