इस्लामच्या आरंभकाळाची साधने आणि आपला किनारा

मंडळी, वर्गात एखादा मुलगा विचारतो, "गुरुजी, आपल्या कोकणात मुसलमान कधी आले?" बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते बहामनी फौजांचे, नाहीतर विजापूरकरांचे. हे उत्तर निदान चारशे वर्षांनी चुकते. दोष गुरुजींचा नव्हे. या विषयाची साधने कोणती, हेच त्यांना कुणी कधी सांगितलेले नसते.

आधी अरबस्तानाकडे पाहू. पैगंबर महंमद मक्केहून मदिनेस गेले ते इ. स. 622 मध्ये. हिजरी सन मोजतात तो तेव्हापासून. 632 मध्ये ते निवर्तले. त्यांचे चरित्र विस्ताराने लिहिणारा इब्न इसहाक वारला 767 च्या सुमारास. त्याचा मूळ ग्रंथही आज जसाच्या तसा उरलेला नाही. आपल्या हाती आहे ती पुढे इब्न हिशामने निवडून, गाळून केलेली आवृत्ती. आपण काही मजकूर गाळला, हे तो स्वतःच सांगून टाकतो, हे बरे. आता आपल्या बखरी आठवा. सभासदाने लिहिले ते शिवाजी महाराजांनंतर वीस वर्षांच्या आत, चिटणिसांनी सव्वाशेहून अधिक वर्षांनी. दोन्ही आपण वाचतो, पण दोघांना एकाच काट्यावर तोलत नाही. इब्न इसहाकाचे अंतर चिटणिसांएवढे आहे. तो टाकाऊ नव्हे, पण पारखून घ्यायचा.

मग समकालीन असे काय आहे? पहिले म्हणजे कुराण. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात त्याची दोन जुनी पाने आहेत. त्यांचे चामडे 568 ते 645 या काळातले असावे, असे कार्बन-परीक्षेवरून 2015 मध्ये जाहीर झाले. मात्र ही परीक्षा चामड्याचे वय सांगते, शाईचे नव्हे. हिजरी 22 ची, म्हणजे 643 ची, इजिप्तमधली एक पावती व्हिएन्नात जपलेली आहे. फौजेसाठी मेंढ्या घेतल्याची ती पावती ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही भाषांत आहे. मला विचाराल तर असली रुक्ष पावती इतिहासकाराला दहा कथांहून मोलाची वाटते, कारण ती लिहिताना कुणाला थोरवी गायची नव्हती.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. नवव्या शतकातला बलाझुरी सांगतो, की खलिफा उमर यांच्या काळी ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर जहाजे धाडली, आणि माणसे अशी दर्यात लोटली म्हणून खलिफा नाराज झाले. मात्र घटना आणि लेखन यांत अडीचशे वर्षे गेलेली आहेत. त्याहून भरवशाचा मसूदी, कारण तो स्वतः आला होता. हिजरी 304 मध्ये, म्हणजे 916 च्या सुमारास, तो चौलास होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत, असे तो लिहितो. आकडा थोडा फुगलेला असेल, प्रवाशांना ती खोडच असते. पण त्यांतले काही इथेच जन्मलेले होते, आणि त्यांच्या तंट्यांसाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता, ही माहिती सहजी रचण्यासारखी नाही.

आणि याला ताम्रपटाचा दुजोरा आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीस सापडलेला पट शके 848 चा, म्हणजे 926 चा. राष्ट्रकूट राजाच्या वतीने संजाण प्रांत सांभाळणारा अधिकारी महंमद नावाचा ताजिक, म्हणजे अरब, होता. संस्कृतात त्याचे झाले 'मधुमती'! त्याने लोकांसाठी फुकट तर चालवली, भाततुपाचे अन्नछत्र घातले, आणि भगवतीच्या मठाला जमीन देण्यास संमती दिली.

आपल्या खारेपाटणचा ताम्रपट शके 930 चा, शिलाहार रट्टराजाचा. तो प्रथम उजेडात आणला पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी. परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सोन्याचा गद्याण, असे दान त्यात नमूद आहे. अरबांचे नाव त्यात नाही, पण परमुलखाची तारवे येत होती, हे त्यातून कळते. बाकी साक्ष आपल्या जिभेवर आहे. मोसम आणि गुराब हे शब्द अरबी, आणि नाखवा आला फारशी नाखुदावरून.

वाचायचे कुठे? शिलाहारांच्या लेखांसाठी वा. वि. मिराशी यांचा ग्रंथ, कुराणाच्या ओळखीसाठी विनोबांचे 'कुराणसार', आणि मराठी विश्वकोशातली इस्लामवरची नोंद. शाळेच्या कपाटात एवढे असले तरी पुष्कळ.

आणखी एक. तुमच्या गावच्या जुन्या मशिदीत वा कबरस्तानात कोरीव शिळा असेल, तर तिला चुना किंवा तेलरंग लावू देऊ नका. गावच्या जमातीला विचारून, सकाळच्या तिरप्या उन्हात तिचे छायाचित्र घ्या, लांबी-रुंदी मोजा, आणि शिळा कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते टिपून ठेवा. अरबी-फारशी लेख वाचणारी भारतीय पुरातत्त्व खात्याची शाखा नागपुरास आहे. छायाचित्र तिकडे पाठवावे. शिळा मात्र जागची हलवू नये.