सुटून आलेल्या माणसाला मंच द्या

आपल्याकडे एकपात्री प्रयोग म्हटला की ‘बटाट्याची चाळ’ नाही तर ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवते. दोन तास पोट धरून हसायचे आणि घरी जायचे. हसण्याला आमचा विरोध नाही. पण अमेरिकेत तुरुंग भोगून आलेल्या माणसांनी हाच प्रकार निराळ्या कामाला लावला आहे. तिथे एकटा माणूस रंगमंचावर उभा राहतो आणि स्वतःची केस लोकांपुढे मांडतो.

ब्रायन बेन हा त्यातला ठळक कलावंत. ज्या काळ्या समाजाच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्याच समाजातला हा तरुण १९९९ मध्ये हार्वर्डला कायदा शिकत होता. न्यूयॉर्कमध्ये एका क्लबबाहेर पोलिसांनी त्याला दोघा भावांसह उचलले. गुन्हा दुसऱ्याच कुणाचा होता. रात्र कोठडीत गेली, मग कोर्टाच्या तारखा, आणि अखेर आरोप रद्द झाले. २००० साली त्याने ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात ही हकिगत लिहिली. पुढे ‘लिरिक्स फ्रॉम लॉकडाऊन’ हा एकपात्री प्रयोग उभा राहिला. त्यात पोलीसही तोच आणि कैदीही तोच. मधूनमधून रॅप आणि कॅलिप्सोची गाणी येतात. वयाच्या सतराव्या वर्षी घडलेल्या गुन्ह्यात टेक्सासमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या नॅनन विल्यम्सची पत्रेही तो त्यात वाचतो. हॅरी बेलाफोन्टे या थोर कृष्णवर्णीय गायकाने या प्रयोगाला पाठबळ दिले.

कुणी म्हणेल, हार्वर्डचा शिक्का होता म्हणून त्याचे ऐकले. हे खरेच आहे. ज्याच्यापाशी पदवी नाही आणि ज्याने गुन्हा केलाही आहे, त्याचे कोण ऐकणार? या प्रश्नाला न्यूयॉर्कच्या फॉर्च्यून सोसायटीने उत्तर दिले. या संस्थेचा जन्मच नाटकातून झाला. स्वतः तुरुंग भोगलेल्या जॉन हर्बर्ट या लेखकाचे नाटक १९६७ साली तिथे चालू होते. प्रयोगानंतर चर्चा व्हायची आणि सुटून आलेले कैदी प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायचे. त्यातून निर्माता डेव्हिड रॉथेनबर्गने संस्था काढली. २००८ साली याच संस्थेतल्या चौघांनी ‘द कॅसल’ हे नाटक सादर केले. नेपथ्य जवळजवळ नाही. चौघे बसतात आणि पाळीपाळीने आपले आयुष्य सांगतात: मारहाणीचे बालपण, नशा, गुन्हा, शिक्षा, सुटका. केलेला गुन्हा ते लपवत नाहीत आणि दयेची भीकही मागत नाहीत.

आता आपल्याकडे पाहा. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्धच झालेला नाही. दलित, आदिवासी आणि मुस्लिम यांचे तुरुंगातले प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. आत गेल्यावरही जात सुटत नाही. राजस्थानात अलवरच्या तुरुंगात एका कोवळ्या तरुणाला आधी जात विचारली गेली आणि मग त्याला तुंबलेला संडास साफ करायला लावले. पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० साली हे उजेडात आणले. त्यांच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीनुसार काम वाटणारे तुरुंग-नियम घटनाबाह्य ठरवले. निकाल मोठा आहे. मात्र झाडू ज्याच्या हातात दिला गेला, त्याचा आवाज अजून वस्तीतल्या लोकांनी ऐकलेला नाही.

आपल्याला मंच नवा नाही. भीमराव कर्डकांच्या काळातला आंबेडकरी जलसा तमाशाचाच साचा घेऊन गावोगाव बाबासाहेबांचा विचार सांगत फिरला. एकपात्रीला तर ढोलकीवालाही लागत नाही. पथ्ये मात्र पाळावी लागतील. ज्याचा खटला चालू आहे त्याला बोलते करू नये, कारण बोललेला शब्द त्याच्यावरच उलटू शकतो. ज्याला बोलायचे नाही त्याच्यामागे लागू नये. आणि प्रयोगानंतर प्रश्नोत्तरांना वेळ ठेवावाच, नाही तर लोक डोळे पुसून निघून जातील.

१४ एप्रिलच्या कार्यक्रमपत्रिकेत ऑर्केस्ट्रा असतो, पाहुण्यांचे सत्कार असतात. जयंती मंडळांनी त्यातला एक तास यंदा अशा माणसासाठी काढून ठेवावा. बुद्धविहाराचे सभागृह, एक माईक आणि बसायला सतरंज्या, एवढाच खर्च आहे.