सॅम कुक : गळा त्याचा, हक्कही त्याचा

१९८५ साली ‘लाइव्ह अ‍ॅट द हार्लेम स्क्वेअर क्लब’ ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली, तेव्हा तिच्या गायकाला जाऊन वीस वर्षं उलटली होती. ध्वनिमुद्रण मायामीतल्या कृष्णवर्णीयांच्या क्लबमधलं, जानेवारी १९६३चं. आवाज खरखरीत, तापलेला. श्रोते गाण्यात गाणं मिसळताहेत. आरसीए कंपनीला ते फारच रांगडं वाटलं आणि टेप कपाटात गेली. १९६४ मध्ये लोकांपुढे आला तो न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू ‘कोपाकबाना’मधला सॅम कुक : सूटबूट घातलेला, गोड आवाजाचा, गोऱ्या श्रोत्यांना सहज रुचेल असा. दोन्ही कुक अस्सलच. कुठे किती उघडं व्हायचं, याचा हिशेब त्याचा स्वतःचा होता.

जन्म २२ जानेवारी १९३१चा, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. वडील धर्मोपदेशक. कुटुंब शिकागोला आलं आणि सॅम भावंडांबरोबर चर्चमध्ये गाऊ लागला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ‘सोल स्टरर्स’ या नावाजलेल्या गॉस्पेल चमूत त्याला आर. एच. हॅरिस यांची जागा मिळाली. हॅरिस म्हणजे त्या क्षेत्रातले दादा गायक. कुकने त्यांची नक्कल सोडून दिली. शब्दाच्या शेवटी सूर लांबवत, हलकेच हेलकावे देत खाली उतरायची ढब त्याने घडवली. तरुण मुली आता चर्चमध्ये पुढच्या रांगा अडवू लागल्या.

देवाची गाणी सोडून प्रेमाची गाणी म्हणणं हा त्या समाजात धर्मद्रोहच. म्हणून त्याचं पहिलं पॉप गाणं ‘डेल कुक’ या नावाने आलं. आवाज मात्र लपला नाही. १९५७ मध्ये ‘यू सेंड मी’ आलं आणि पॉप व आर अँड बी या दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्याच्या तोवरच्या कंपनीचे, स्पेशालिटीचे, मालक आर्ट रूप यांना त्याचा हा नवा बाज पटला नव्हता. निर्माता बम्प्स ब्लॅकवेल ती ध्वनिमुद्रणं घेऊनच बाहेर पडला आणि गाणं कीन या नवख्या कंपनीकडून आलं. लेबलवर गीतकार म्हणून नाव होतं सॅमचा भाऊ एल. सी. याचं. लिहिलं सॅमनेच, पण गाण्याच्या प्रकाशनाचे पैसे जुन्या मालकाच्या खिशात जाऊ नयेत म्हणून ही युक्ती.

हा धडा त्याने पुरता गिरवला. जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांच्यासोबत त्याने गीतांच्या हक्कांची कंपनी काढली, ‘एसएआर’ हे रेकॉर्ड लेबल सुरू केलं. बॉबी वोमॅक, जॉनी टेलर असे गायक तिथे घडले. आरसीएसाठी ‘चेन गँग’, ‘क्युपिड’, ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ गाताना आपल्या कमाईवर आपलाच ताबा हवा, हा आग्रह सुटला नाही. कृष्णवर्णीय गायकाने तेव्हा असं बोलणं सोपं नव्हतं. मंचावरही तो वाकला नाही : १९६१ मध्ये मेम्फिसमध्ये श्रोत्यांना वर्णानुसार वेगळं बसवणार हे कळताच त्याने गाण्यास नकार दिला.

१९६३ने त्याला हादरवलं. जूनमध्ये चिमुकला मुलगा व्हिन्सेंट घरच्या पोहण्याच्या तलावात बुडाला. ऑक्टोबरमध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या मोटेलने आधी केलेलं आरक्षण असूनही खोली नाकारली. त्याने हुज्जत घातली, तर शांतताभंगाचा ठपका ठेवून अटक झाली. बॉब डिलनचं ‘ब्लोइन’ इन द विंड’ त्याला आधीच अस्वस्थ करत होतं. ३० जानेवारी १९६४ रोजी ‘अ चेंज इज गॉना कम’ ध्वनिमुद्रित झालं. रेने हॉल यांनी वाद्यमेळ असा बांधला की एका कडव्यात व्हायोलिनं, दुसऱ्यात हॉर्न पुढे येतात आणि मधल्या भागाचा भार टिंपनी उचलते. या एका गाण्यात चर्चमधला आवाज आणि क्लबमधला आवाज वेगळे उरत नाहीत. पुढे एकल रेकॉर्ड काढताना वर्णभेदाचा थेट उल्लेख असलेलं कडवं मात्र कापलं गेलं.

११ डिसेंबर १९६४ला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये तिथल्या व्यवस्थापिकेच्या गोळीने तो गेला. वय ३३. चौकशीत ते स्वसंरक्षण ठरलं; घरच्यांना ते कधी पटलं नाही. महिना सरण्याआधी ‘शेक’च्या मागच्या बाजूवर ‘अ चेंज इज गॉना कम’ एकल रेकॉर्ड म्हणून बाजारात आलं.

पुढे इतरांनी त्याच्या गाण्याचा वारसा उचलला. ओटिस रेडिंग आणि अरेथा फ्रँकलिन यांनी ते गाणं आपलंसं केलं. हक्कांचं मात्र उलटं झालं. एसएआर बंद पडलं आणि त्याच्या गाण्यांचे बरेचसे हक्क अखेर त्याचे व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाइन यांच्या कंपनीकडे गेले. तरीही कुकचं मोठेपण केवळ गळ्याने मोजलं तर निम्मंच हाती लागतं. गाणाऱ्याने कराराचा कागदही वाचावा, हे सोल संगीताला त्याने दाखवून दिलं.