घोट्याखालचा बूट

कवायतीला मुले जे पांढरे कापडी बूट घालतात, ते तुमच्या चांगले ओळखीचे. शहरात त्याच घराण्यातल्या बुटांना हल्ली 'स्नीकर' म्हणतात आणि किंमतही चढी सांगतात. वर कॅनव्हास, खाली रबर, काठ घोट्याच्या खाली संपलेला, घाट तोच. 'स्नीक' म्हणजे चोरपावलाने जाणे. रबरी तळ वाजत नाही, म्हणून हे नाव पडले.

नुसते रबर उन्हाने चिकट होते नि थंडीने कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना ते गंधक मिसळून तापवण्याची युक्ती सापडली, तेव्हा कुठे असा तळ टिकू लागला.

आता हा बूट पायाला बसतो कसा ते पाहू, कारण खरा घोटाळा इथेच होतो. वाढते अंग म्हणून आपण दोन नंबर मोठा बूट घेतो आणि पुढे कापसाचा बोळा कोंबतो. मग पावलागणिक टाच निसटते, फोड येतात, पोर बोटे आखडून चालते. आखूड बूट तर त्याहून वाईट. लहानपणी पायाची हाडे कोवळी असतात; बोट मुडपले तरी मूल पुष्कळदा बोलत नाही. कोल्हापुरी चप्पल चार दिवस चावते, मग तिचे कातडे पायाचे वळण घेते. कॅनव्हास त्या मानाने फारच थोडे सैलावते. दुकानात चावला तो बूट घरीही चावणार!

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगलेले असतात. मुलाला उभे करून माप घ्या, बसल्यावर पाऊल आखूड भरते. एक पाय बहुधा थोडा मोठा असतो, नंबर त्याचा धरा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. हे लांब बोट अंगठाच असते असे नाही, बरं का. पुष्कळांचे दुसरे बोट पुढे येते. नाडी बांधून चार फेऱ्या मारू द्या, दुकानदार कुरकुरला तरी.

काठ खाली असल्याने घोटा मोकळा फिरतो. तळ मात्र सपाट आणि पातळ. खडकाळ वाटेने रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या मुलाला जाडसर सुखतळा द्या, आणि तो घालूनच माप पाहा. भिजलेले बूट सावलीत वाळवा.

गुरुजींना एक विनंती. बुटांचा पांढरेपणा आपण तपासताच. अधूनमधून ते काढायला लावून बोटेही पाहा. नख काळे पडले असेल, करंगळीवर घट्टा असेल, तर बूट बहुधा लहान झाला आहे. घरी तसा निरोप धाडा.