राजाची लांबलेली अंत्ययात्रा

आयर्लंडात मयताजवळ सगळा गाव रात्र जागवतो. चहा फिरतो, आठवणी निघतात. ब्रह्मदेशातही मयत काही दिवस घरात ठेवून शेजारीपाजारी रात्री सोबतीला बसतात आणि सातव्या दिवशी भिक्खूंना भोजन देतात. कोकणात मात्र मुंबईहून निघालेल्या चाकरमान्यासाठी तेवढं थांबायचं, एरवी लवकरात लवकर अग्नी द्यायचा, ही रीत.

याच कोकणातल्या रत्नागिरीत एका राजाला अंत्यसंस्कारासाठी तब्बल 2 वर्षांहून अधिक काळ ताटकळावं लागलं. 1885 साली इंग्रजांनी पदच्युत करून हद्दपार केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा डिसेंबर 1916 मध्ये इथेच वारला. त्याचा देह मायदेशी न्यावा, असा राणी सुपयालतचा हट्ट होता, आणि तो रास्तच होता. इंग्रजांनी नकार दिला. राजाच्या समाधीभोवती बंडाची ठिणगी पडेल, ही त्यांना धास्ती. शवपेटी तशीच राहिली. 1912 मध्ये वारलेल्या त्याच्या धाकट्या राणीचीही तीच गत. अखेर 1919 मध्ये सरकारने दोघांचं दफन रत्नागिरीतच उरकलं. त्याच वर्षी सुपयालत रंगूनला परतली. शिवाजीनगरातल्या या समाधीवर 2012 साली म्यानमारचे, म्हणजे ब्रह्मदेशाचे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन येऊन गेले.